मातीचा पंचनामा कुणाच्या खर्चाने?

जुलै २०२५ या एकाच महिन्यात भिलाईच्या भवितव्याशी निगडित असे दोन दस्तऐवज दोन वेगवेगळ्या राजधान्यांतून बाहेर पडले आणि त्यांची परस्परांशी साधी ओळखदेखील झाली नाही. रायपूर येथे छत्तीसगड विधानसभेने राज्य राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचे विधेयक संमत केले. रायपूर, नवा रायपूर, दुर्ग आणि भिलाई हा पट्टा दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या धर्तीवर एका छत्राखाली आणावा, असा त्याचा हेतू. २०३१ सालापर्यंत या पट्ट्याची लोकसंख्या पन्नास लाखांपर्यंत जाईल, असे सरकारने त्यासाठी गृहीत धरले आहे. त्याच महिन्यात दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. एका कागदाला शहरवाढीसाठी जमीन हवी आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की संशय असलेली जमीन आधी तपासा. तपासणीचा खर्च ही बाब मात्र या दोहोंच्या मधल्या फटीत पडून राहिली आहे.

ही फट दिसायला किरकोळ आहे. परंतु येत्या दहा-पंधरा वर्षांत भिलाईच्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी कोणती वसाहत उभी राहील, तिच्या अंगणातल्या बोअरवेलला कसले पाणी लागेल आणि त्याची किंमत कोणाची मुले मोजतील, हे तिथेच ठरणार आहे.

भिलाईचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर-विदर्भाची वाट निराळी झाली. पण भिलाईत नोकरीसाठी गेलेली माणसे तिथेच राहिली आणि त्यांच्या दोन-तीन पिढ्या सेक्टरांमधल्या क्वार्टर्समध्ये वाढल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. साठच्या दशकात शेजारी जामुल येथे सिमेंटचा कारखाना आला. पुढे पोलादाच्या आश्रयाने फाउंड्री, रोलिंग मिल, अभियांत्रिकी आणि रसायनांची लहानमोठी युनिटे उभी राहिली. १४ जून २०१८ रोजी कारखान्याच्या विस्तार व आधुनिकीकरणाचे लोकार्पण झाले, तेव्हा मूळ कारखान्याने साठी गाठत आणली होती. एवढ्या आयुष्याच्या औद्योगिक शहरात उपयोग संपलेल्या जागा असणे अपरिहार्य असते. कुठे गेटला कुलूप आणि आत बाभळी, कुठे कोर्टकज्ज्यात अडकलेली शेड, कुठे नावालाही मालक न उरलेला राखेचा किंवा गाळाचा ढीग.

एक भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. भिलाईचा पोलाद कारखाना चालू आहे, त्याला मालक आहे, त्याच्यावर संमतिपत्रांचे आणि तपासणीचे बंधन आहे. त्याच्या प्रदूषणाचा हिशेब निराळा आणि तो विचारण्याचे रस्तेही निराळे. येथे प्रश्न आहे तो त्याच्या सावलीत जगलेल्या आणि मेलेल्या उद्योगांच्या जमिनीचा. सावलीत काय झिरपते, हे या धंद्यांचे शास्त्र सांगते. कोळशापासून कोक करताना डांबर, बेन्झॉल, नॅफ्थलीन आणि अमोनिया निघतात. सांडपाण्यात फिनॉल व सायनाइड उतरतात. हा माल विकत घेऊन पुढे प्रक्रिया करणारे छोटे कारखाने पोलाद शहरांच्या आसपास सर्वत्र असतात आणि त्यांच्या टाक्यांना गळती असते. मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून क्रोमियम जमिनीत जाते. जुन्या ट्रान्सफॉर्मरांचे तेल, जुन्या छपरांतले अ‍ॅस्बेस्टॉस, भट्टीच्या विटांचा चुरा यांचीही वेगळी कहाणी नाही. यांपैकी काय, किती आणि कोठे आहे, हे भिलाईच्या बंद जागांपुरते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या जमिनीत विष आहे, असे म्हणायला जसा पुरावा नाही, तसा ती स्वच्छ आहे, असे म्हणायलाही नाही. असा पुरावा मिळवण्याचे काम म्हणजेच मूल्यांकन. आणि त्याला पैसे लागतात.

टाकाऊ मालाला भिलाईत किंमत नाही, असे मात्र नव्हे. झोतभट्टीची स्लॅग सिमेंटवाले उचलतात. स्लॅगमधले लोखंड वेचून काढणाऱ्या फेरो स्क्रॅप निगम या भिलाईत मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीची जपानच्या कोनोइके ट्रान्सपोर्ट कंपनीला ३२० कोटी रुपयांत विक्री करण्यास केंद्राने २०२४ साली मंजुरी दिली. ज्या ढिगाऱ्यातून पैसा निघतो, त्याला परदेशी खरेदीदारही मिळतो. ज्यातून काही निघत नाही, तो ढीग सार्वजनिक होतो.

बंद कारखान्याची माती कोणी स्वखुशीने का तपासत नाही, याचे उत्तर गुंतागुंतीचे नाही. मालकाला ठाऊक असते, की अहवालात काही निघाले तर भाव पडेल आणि जबाबदारी अंगावर येईल. कर्ज देणाऱ्या बँकेकडे तीच जमीन तारण असते. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाला भूखंड परत घेऊन नव्या उद्योजकाला द्यायचा असतो; महापालिकेला त्यावर कर हवा असतो. न तपासण्यात सर्वांचे हित असलेला असा दुर्मिळ एकमताचा विषय भारतीय प्रशासनात शोधून सापडणार नाही. ज्याचे हित तपासण्यात आहे, तो त्या जागेवर अजून राहायला आलेला नसतो.

दिवाळखोरी संहितेने या मौनाला आणखी एक कारण पुरवले आहे. २०१६ च्या या संहितेनुसार कारखाना अवसायनात गेला, की विक्रीच्या पैशावर कोणाचा हक्क कितवा, याची उतरंड कलम ५३ मध्ये ठरलेली आहे. प्रक्रियेचा खर्च आधी, मग तारण असलेले धनको आणि कामगारांची चोवीस महिन्यांची देणी. सरकारी देणी बरीच खाली. भविष्यात करावयाच्या सफाईला या उतरंडीत स्वतंत्र पायरीच नाही. कंपनी अवसायनात न जाता पुनरुज्जीवन आराखड्यातून नव्या मालकाकडे गेली, तर गोष्ट अधिक बिकट होते. एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा आणि सन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मंजूर आराखड्यात ज्या दाव्यांचा समावेश नाही ते संपुष्टात येतात, मग ते सरकारचे का असेनात. नव्या मालकाला जुनी मढी उकरावी लागू नयेत, हा त्यामागचा विचार व्यापाराच्या दृष्टीने योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम पर्यावरण मंडळांनी पुरता ओळखलेला दिसत नाही. दावा दाखल करण्याच्या मुदतीत मंडळाच्या हाती मातीचा अहवाल नसेल, तर मागायला आकडाच नसतो. आणि पुढे केव्हातरी विहिरीचे पाणी पिवळे निघाले, तर जुन्या मालकाकडे पैसे नाहीत आणि नव्यावर दावा नाही, असे उत्तर ऐकण्याची वेळ येऊ शकते. अर्थात, प्रदूषण दूर करण्याचे कर्तव्य हे साधे देणे नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. तो न्यायालयात वर्षानुवर्षे चालेल. तपासणीचा अहवाल आधी असता, तर त्याची गरजच पडली नसती.

नव्या नियमांनी निदान चौकट तरी उभी केली, याचे श्रेय दिले पाहिजे. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांची माहिती द्यायची, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक मूल्यांकन करायचे आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करून ते स्थळ खरोखर प्रदूषित आहे की नाही, हे ठरवायचे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नोंदलेल्या १८९ रसायनांचे प्रमाण त्यासाठी पाहायचे. मर्यादा ओलांडलेली आढळल्यास जागेची माहिती जाहीर करून तिथली ये-जा रोखायची, तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा घ्यायचा आणि नव्वद दिवसांत जबाबदार कोण, ते शोधायचे. जो सापडेल तो खर्च देईल. न सापडल्यास किंवा तो देण्यास असमर्थ असल्यास केंद्र आणि राज्य मिळून व्यवस्था करतील. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि कचरा डेपो यांना हे नियम लागू नाहीत, कारण त्यांचे कायदे निराळे.

कागदावर हे सर्व नीटनेटके आहे. देशात आजवर १०३ स्थळे प्रदूषित म्हणून निश्चित झाली आणि नियम आले तेव्हा त्यांपैकी केवळ सात ठिकाणी सफाईचे काम सुरू झालेले होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे नीटनेटकेपणाचे कौतुक ओसरते. अधिक खोलात जाऊन पाहिले तर नियमांच्या मुदती तपासणीच्या टप्प्यांना आहेत, सफाई पूर्ण करण्याला नाही. आणि मुदती ज्यांच्यावर घातल्या त्या यंत्रणेची अवस्था काय? छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाला कोरबा सांभाळायचे आहे, ज्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ८३ गुण देऊन देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत वरच्या रांगेत बसवले होते. रायपूर-सिलतराच्या स्पंज आयर्न भट्ट्या आहेत, रायगडची वीजकेंद्रे आहेत. चालू धुरांड्यांमागे धावणाऱ्या मंडळाच्या भिलाई कार्यालयाने बंद शेडमधली माती उकरून, भूजलाच्या विहिरी खोदून, प्रयोगशाळेत नमुने पाठवून नव्वद अधिक नव्वद दिवसांत निष्कर्ष द्यावा, ही अपेक्षा वेगळ्या तरतुदीशिवाय केली तर निकाल ठरलेला आहे. संशयितांची यादीच आखूड होईल. यादीत नाव घातले की नव्वद दिवसांचे घड्याळ सुरू होते. न घातले तर काहीच सुरू होत नाही. कोणता जिल्हाधिकारी पहिला पर्याय आपणहून स्वीकारील?

पैसा नाही, हे कारण मात्र सरकारने पुढे करू नये. २०१० साली कोळशावर स्वच्छ ऊर्जा उपकर बसला. प्रतिटन ५० रुपयांपासून सुरू झालेला हा उपकर २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून सुमारे ८६ हजार ४०० कोटी रुपये जमा झाले. ज्या निधीसाठी तो वसूल केला त्या निधीकडे त्यांतले सुमारे २९ हजार ६०० कोटी वळते झाले आणि प्रकल्पांवर प्रत्यक्ष खर्च झाले जेमतेम १५ हजार ९०० कोटी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या भरपाईच्या खात्यात विरघळला. कोरबा, रायगडचा कोळसा या रकमेत भरपूर होता. छत्तीसगडच्या मातीतून निघालेल्या पैशाचा एक शतांशही छत्तीसगडची माती तपासण्यासाठी राखून ठेवला असता, तर आज हा प्रश्न इतका अवघड झाला नसता.

दुसरा झरा अजून वाहता आहे. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि लोहखनिज, कोळसा, चुनखडी असलेल्या छत्तीसगडकडे त्यातून मोठी रक्कम येते. पिण्याचे पाणी आणि प्रदूषण नियंत्रण हे त्या निधीच्या अग्रक्रमाच्या विषयांत आहेत. भिलाईपासून जवळच नंदिनी येथे पोलाद कारखान्याच्या वापरून संपलेल्या चुनखडीच्या खाणींवर २०२१ साली मानवनिर्मित जंगलाचा प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यालाही या निधीचा हातभार लागला. झाडे लावायला पैसे मिळतात, कारण झाडांचे छायाचित्र निघते. मातीच्या नमुन्याचे उद्घाटन करता येत नाही. तरीही नंदिनीने एक गोष्ट सिद्ध केली, की उद्योगाने वापरून टाकलेल्या जमिनीवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याला नियमांची आडकाठी नाही.

अमेरिकेने हा धडा फार पैसे मोजून घेतला. लव्ह कॅनॉलच्या प्रकरणानंतर १९८० साली तिथे सुपरफंड कायदा झाला आणि प्रदूषित जमिनीच्या प्रत्येक मालकावर, नव्यावरही, जबाबदारीची तलवार लटकली. परिणाम उलटा झाला. जुन्या कारखान्यांच्या जागा कोणी घेईना, उद्योग शहराबाहेरच्या शेतजमिनीकडे पळाले आणि पोलादनगरांची मधली पोकळी वाढत गेली. १९९३ साली क्लीव्हलंड शहराच्या काउंटीला निव्वळ तपासणीसाठी दोन लाख डॉलर देऊन वेगळा प्रयोग करण्यात आला. सफाईचा खर्च नंतर पाहू, आधी स्थानिक संस्थेला कळू तरी द्या की जमिनीत काय आहे, एवढाच त्याचा आशय होता. बहुसंख्य जागांची भीती तिच्या खऱ्या दोषापेक्षा मोठी असते, हे त्यातून उमगले. २००२ साली त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला, २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कामासाठी दीड अब्ज डॉलर दिले. जर्मनीतील डुइसबर्गमध्ये १९८५ साली बंद पडलेला थिसेनचा लोखंड कारखाना १९९४ पासून सार्वजनिक उद्यान आहे. तिथेही आधी माती समजून घ्यावी लागली आणि जी माती हलवणे धोक्याचे होते, तिच्यावर घरे न बांधण्याचा शहाणपणा दाखवावा लागला.

मराठी माणसाला यासाठी डुइसबर्गला जाण्याची आवश्यकता नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीवर १९८२ च्या संपानंतर पाव शतक भांडण चालले. २००१ साली विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ बदलला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. मोकळी जागा किती, म्हाडाचा वाटा किती, कामगाराच्या घराचे काय, यावर रण माजले आणि ते योग्यच होते. रंगाई-धुलाई खात्यांखालच्या जमिनीत शंभर वर्षांत काय मुरले, हा प्रश्न त्या साऱ्या गदारोळात कोपऱ्यात राहिला. त्या जमिनीवर आज काचेचे मनोरे आहेत. तिथल्या रहिवाशांना टँकरचे किंवा नळाचे पाणी परवडते. भिलाईच्या कॅम्प भागात किंवा खुर्सीपारमध्ये हातपंपावर रांग लावणाऱ्यांची गोष्ट तशी नाही.

भोपाळचे उदाहरण तर समोरच आहे. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या, असे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला आणि जमिनीत किलोमागे वीस मिलिग्रॅम पारा चालेल की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. तिथे निदान नाव असलेली, खर्च सोसू शकणारी कंपनी होती. भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बंद युनिटचा मालक निवर्तलेला, भागीदार पांगलेले आणि कागदपत्रे अवसायकाच्या कपाटात असली, तर वाद घालायला तरी समोर कोण येणार?

म्हणून तपासणीचा पैसा सफाईच्या पैशापासून वेगळा काढला पाहिजे. सफाई खर्चिक असते आणि तिच्यासाठी दोषी शोधत बसणे न्याय्यच आहे. तपासणी तुलनेने स्वस्त आहे, आणि तिचा पहिला टप्पा तर बहुतांशी कागदांचा असतो. जुने नकाशे, वीजजोडण्या, संमतिपत्रे, निवृत्त फोरमनच्या आठवणी यांतून कोणत्या शेडखाली टाकी होती, ते कळते. भिलाईत असे फोरमन अजून हयात आहेत, आणखी दहा वर्षांनी नसतील. दुसऱ्या टप्प्यातली नमुने घेण्याची विद्या तर शेजारीच आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात नीरी, १९५८ पासून नागपुरात आहे आणि दुर्ग ते नागपूर हा रेल्वेने काही तासांचा रस्ता. २०१६ साली सुरू झालेली आयआयटी आता भिलाईत स्वतःच्या आवारात आहे. खोळंबा पैशाचा आहे, आणि तो कोणाच्या नावे मंजूर करायचा, याचाही. भिलाई, दुर्ग, रिसाली आणि चरोदा अशा चार महापालिकांत हा पट्टा वाटला गेला आहे. टाउनशिप कारखान्याकडे, औद्योगिक भूखंड महामंडळाकडे. नवे राजधानी क्षेत्र प्राधिकरण हा या सर्वांना ओलांडणारा एकमेव मंच आहे. त्याच्या पहिल्या अर्थसंकल्पात मूल्यांकनाचे स्वतंत्र शीर्ष उघडावे, केंद्राने नियमांखालचा आपला वाटा सफाईची वाट न पाहता तपासणीच्या टप्प्यावरच द्यावा आणि खनिज निधीतून त्यात भर घालावी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो चुकीचा नाही. सार्वजनिक पैशाने जमीन तपासून द्यायची आणि मग बिल्डरने ती गिळायची, असे होणार नाही कशावरून? मुंबईचा अनुभव पाहता ही शंका घेणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. उत्तर व्यवहारात आहे. तपासणीचा खर्च भूखंडाच्या सातबारावर, छत्तीसगडच्या भाषेत खसऱ्यावर, बोजा म्हणून चढवावा आणि पुढच्या हस्तांतरणाच्या वेळी वसूल करावा. अहवाल मात्र कोणाच्याही मालकीचा नसावा. तो हिंदीत, छत्तीसगडीत प्रभाग कार्यालयात लावावा. त्याने जमिनीचा भाव पडला, तर तो खरा भाव होय. केंद्राच्या अखत्यारीतल्या जमिनींनाही यातून सूट नको. सार्वजनिक उपक्रमांची अतिरिक्त जमीन विकण्यासाठी मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय भूमी मुद्रीकरण महामंडळास मंजुरी मिळाली. अशा विक्रीत मूल्यनिर्धारक नेमला जातो, कायदेशीर सल्लागार नेमला जातो. मातीचा तपासनीस तेवढा ऐच्छिक राहू नये. दिल्लीतल्या ज्या मराठी अधिकाऱ्यांच्या टेबलावरून अशा फायली जातात, त्यांना एक रकाना वाढवणे अशक्य नाही.

दुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांना आता दर सहा महिन्यांनी यादी पाठवावी लागेल. तिच्यात औद्योगिक वसाहतीतले बंद भूखंड क्रमांकानिशी, अवसायकाच्या ताब्यातली युनिटे स्वतंत्रपणे, आणि प्रत्येकापासून सर्वांत जवळच्या हातपंपाचे अंतर मीटरमध्ये, एवढ्या तीन गोष्टी असाव्यात. त्या यादीबरोबर तपासणीच्या खर्चाचे अंदाजपत्रक जोडले गेले, तर ते रायपूरच्या वित्त विभागाला पुढच्या अर्थसंकल्पापूर्वी नाकारावे तरी लागेल किंवा मंजूर तरी करावे लागेल.